ब्रॅकेटवरची रेघ

ऑफिसात तिला सगळे जाळीवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. जुन्या यंत्राचा एखादा भाग यायचा, ज्याचं ड्रॉइंग कुणाकडे उरलेलं नसायचं आणि बनवणारी कंपनीही कधीच बंद पडलेली असायची. त्यावर पांढरी पावडर फवारून स्कॅनर फिरवला की पडद्यावर लाखो बारीक त्रिकोणांची जाळी उमटायची, हुबेहूब त्या भागाच्या आकाराची. पण ती कधी धड नसायची. स्कॅनरची नजर पोचली नाही तिथे भोकं, कडांना काटे, मध्येच हवेत तरंगणारे तुकडे. ती भोकं बुजवायची, काटे छाटायची, खडबडीत जागा गुळगुळीत करायची आणि मग त्यावर मोजूनमापून नवं मॉडेल उभं करायची. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि तिच्या हाताला यश होतं.

फाउंड्रीचं ब्रॅकेट तिच्या दादामुळे आलं. दादा तिथे क्रेन चालवायचा. क्रेनचा हूक ज्याला टांगलेला असतो तो हा पोलादी तुकडा, दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढा. दुरुस्तीसाठी क्रेन चार दिवस बंद होती, तेव्हा दादानेच साहेबांना सुचवलं, "उतरवलंच आहे तर स्कॅन करून घ्या. माझ्या बहिणीच्या ऑफिसात होतं. पुढेमागे नवं ओतायला बरं पडेल."

स्कॅन झाला, ब्रॅकेट परत जाऊन क्रेनला लागलंसुद्धा, आणि जाळी तिच्याकडे आली. गुरुवारी दुपारी आतल्या कोपऱ्यापाशी तिला एक रेघ दिसली. बोटभर लांब, किंचित वळलेली. अशा रेघा रोज दिसतात. स्कॅनरच्या दोन फेऱ्या एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की सांधा राहतो, तशी. पण सांधा बहुधा सरळ असतो आणि ही वळली होती. फाउंड्रीत विचारावं म्हणून तिने फोन उचलला. मग तिला मागचा प्रसंग आठवला. असंच एकदा तिने एका कारखान्यात विचारलं होतं, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, ती पावडर असेल, फडक्याने पुसून बघा." ऑफिसच्या सरांनी तो किस्सा आठवडाभर येईल त्याला ऐकवला होता. शिवाय काम शुक्रवारी द्यायचं होतं. तिने फोन ठेवला, रेघेभोवतीची जागा निवडली आणि गुळगुळीत केली. सोबतच्या अहवालात 'पृष्ठभागावर दोष आढळले नाहीत' हे वाक्य होतं. ते प्रत्येक अहवालात छापूनच यायचं.

नवं ब्रॅकेट ओतायचं काम फाउंड्रीने पुढे ढकललं, मग ते राहूनच गेलं. आठ महिन्यांनी, सकाळच्या पाळीत, साच्याची भरलेली पेटी क्रेनला असताना ब्रॅकेट तुटलं. खाली साचे भरणारा एक मोल्डर होता. त्याला सगळे मामा म्हणत. दादा आणि तो एकाच वर्षी कामाला लागलेले, एकाच डब्यातून जेवणारे. मामा जागच्या जागी गेला. दादाने ते वरच्या केबिनमधून पाहिलं. शिडी उतरायला त्याला किती वेळ लागला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

तुटलेले तुकडे दुसऱ्या पाळीने भंगार समजून भट्टीत टाकले. मुद्दाम की चुकून, ते कुणी सिद्ध करू शकलं नाही. तुकडे वितळले आणि दादावर ठपका आला, की त्याने झटक्याने भार उचलला. त्याला घरी बसवलं.

वहिनीचा फोन आला तशी ती गेली. दादा पलंगाच्या कडेला बसला होता, दाढी वाढलेली, अंगात कामाचाच शर्ट. त्याने तिच्यापुढे कागद टाकले. अपघाताच्या चौकशी अधिकाऱ्यांना फाउंड्रीने दिलेलं उत्तर होतं ते, आणि त्याला जोडलेला तिच्या ऑफिसचा अहवाल. खाली तिची सही.

"तूच लिहिलंयस," दादा म्हणाला. "आठ महिन्यांपूर्वी ब्रॅकेट ठणठणीत होतं."

"दादा, ते वाक्य आपोआप येतं."

"ठणठणीत होतं ना? मग मीच मारलं त्याला. मी आठवून आठवून बघतोय, हात जड पडला असेल. पडला असणार."

वहिनी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "दिवसभर हेच चाललंय. रात्री उठून हाताकडे बघत बसतात."

दुसऱ्या दिवशी तिने मूळ स्कॅन उघडला, साफ न केलेला. स्कॅनरच्या फेऱ्या तिने एकेक करून सुट्या केल्या. रेघ पहिल्या फेरीत होती. दुसऱ्या बाजूने घेतलेल्या फेरीतही होती. वरून घेतलेल्यातही, अगदी त्याच जागी. सांध्याची चूक असती तर ती एकट्या फेरीत दिसलीच नसती. रेघ पोलादातच होती. तिने सरांना पडद्यापाशी बोलावलं.

सरांनी उभ्यानेच पाहिलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"मूळ स्कॅन सहा महिन्यांनी काढून टाकायचा, असा आपला नियम आहे."

"मी काढला नव्हता."

"काढला होतास असं समज." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या भावाची मला काळजी नाही असं समजू नकोस. पण हे बाहेर गेलं तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. दिसली होती, तर पुसलीस का? काय सांगशील?"

"दिसली होती म्हणून सांगेन."

"आणि मग आपल्याकडे काम कोण देईल? इथे नऊ माणसं आहेत."

संध्याकाळी तिने फाइल उतरवून घेतली. अधिकाऱ्यांकडे जायच्या आधी ती दादाकडे गेली. परक्या माणसाकडून त्याला कळावं हे तिला बरं वाटेना.

लॅपटॉप मांडीवर ठेवून तिने रेघ दाखवली, तीन फेऱ्या दाखवल्या, आणि ती रेघ आपण कशी घालवली तेही सांगितलं. शेवटी दादाने विचारलं, "किती वेळ लागला?"

"कशाला?"

"घालवायला."

"अर्धं मिनिट. तेवढंही नसेल."

त्याने मान हलवली, जणू कुणी रस्ता सांगत होतं. "फोन हातात घेतला होतास म्हणतेस."

"हो."

"माझा नंबर तर तुझ्याकडे होता गं," दादा म्हणाला. "त्यांना नाही, निदान मला विचारायचंस. मी वर चढून बघून आलो असतो."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ महिन्यांत नाही, कालपासूनही नाही.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर पडदा. अधिकाऱ्याने तिच्याकडून सगळं दोनदा समजून घेतलं. "गुळगुळीत करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्याने विचारलं. सर मागच्या खुर्चीवर बसले होते. ती म्हणाली, "कुणी नाही."

मामाची बायको पहिल्या रांगेत होती. सगळे उठल्यावर बाई पडद्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला दाखवा." जाळीवालीने ब्रॅकेट फिरवून आतला कोपरा समोर आणला. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही?"

"हो."

"एवढीशी." त्यांनी बोट उचललं नाही. "आणि तुम्हाला दिसली होती."

"दिसली होती. माझं चुकलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोसलं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

निकाल दोन महिन्यांनी लागला. भेग आधीपासून होती, फाउंड्रीने तपासणीच केली नव्हती, क्रेनचालकाचा दोष नाही. पुढे एक ओळ होती की स्कॅन करणाऱ्यांनी संशयास्पद खूण कळवायला हवी होती. ऑफिसची निम्मी कामं गेली, दोघांना घरी जावं लागलं. सरांनी तिला काढलं नाही, पण तिच्याशी कामापलीकडे बोलणंही ठेवलं नाही. ऑफिसच्या अहवालात छापून येणारं 'दोष आढळले नाहीत' हे वाक्य तिनेच खोडलं.

दादाला कामावर परत घेतलं. तो क्रेनवर चढला नाही. गोदामात पेट्यांवर खुणा करायचं काम त्याने मागून घेतलं. वहिनी फोनवर सगळं सांगायची, की झोप लागते आता, हाताकडे बघत नाहीत, मामाच्या घरी दर रविवारी जाऊन येतात. "तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलत नाहीत हो," ती एकदा म्हणाली. चांगलं मात्र काही बोलतात असं वहिनी म्हणाली नाही आणि तिनेही विचारलं नाही.

एका सुट्टीच्या दुपारी ती गेली. वहिनीने दार उघडलं. आतल्या खोलीतून रेडिओ ऐकू येत होता. "बहीण आलीय," वहिनीने आत सांगितलं. रेडिओचा आवाज कमी झाला. दोघी स्वयंपाकघरात बसून बोलल्या, वहिनीच्या गुडघ्यांबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, महागाईबद्दल. तासाभराने ती उठली आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "दादा, निघते मी."

"हं," आतून आलं. "सांभाळून जा."

तो बाहेर आला नाही. वहिनीने तिच्या चपला सरळ करून दिल्या आणि ती जिना उतरली.