इंजिनाची जागा

"बाई, मागं व्हा, पाय सापडंल!" जनू ओरडला, आणि टेम्पोला लावलेल्या फळ्यांवरून चाक खाली आलं.

निलेश टेम्पोवाल्याने वरून दोर धरला होता, जनू आणि माझे यजमान दोन बाजूंनी हात लावून होते, पण चाकाने कोणाचं ऐकलं नाही. ते आपल्या मनाने उतरलं, अंगणात थोडं पुढे गेलं आणि माझ्या जास्वंदीच्या कुंडीवर जाऊन टेकलं. कुंडीचे तुकडे झाले. मी "अगं बाई!" म्हटलं, तर त्या तिघांना वाटलं मी चाकाचं कौतुक करतेय.

"आहे ना देखणं?" माधवराव म्हणाले.

नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारलेली नाही. पण इथे 'हे' आणि 'ते' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, आणि गोंधळ आमच्याकडे आधीच भरपूर आहे. तर माधवराव. धाटावच्या एका कंपनीत बॉयलर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. जनू त्यांच्या हाताखाली आगवाला होता. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, भजनाला बसतात, मुलांकडे राहून त्यांच्या बायकांना पिडतात. आमच्या माधवरावांनी वाफेचं इंजिन बांधायला घेतलं.

खेळण्यातलं नव्हे, खरं. रुळांवरून धावणारं.

ही गोष्ट लोकांना समजावून सांगणं हा माझ्या संसारातला सगळ्यात अवघड भाग. कुठल्याही लग्नाकार्यात कोणीतरी पंगतीत विचारतंच, "माधवराव, जुनं इंजिन दुरुस्त करताय म्हणे?"

"नाही, नवं बांधतोय."

"अच्छा, विजेवरचं?"

"नाही. वाफेचं."

"म्हणजे जुनंच की हो."

"नकाशा जुना. इंजिन नवं."

मग विचारणारा माझ्याकडे बघतो, आणि मी त्याच्याकडे जिलबी सरकवते. कारण मलाही नीट सांगता येत नाही. एवढं कळतं की त्यांच्या आजोळी लहान रुळांची एक गाडी होती, तिच्या इंजिनाशेजारून ते लहानपणी पळायचे. पुढे गाडी बंद झाली आणि त्या जातीची सगळीच्या सगळी इंजिनं भंगारात गेली. एकही उरलं नाही. दुरुस्त करायला काही हवं ना? म्हणून नवं. नकाशे तेवढे कुणाकुणाकडून मिळत गेले.

सुरुवातीला कंपनीतली बरीच मंडळी होती. दर रविवारी रोह्याजवळ वरशाला आमच्या घरी बैठक, चहा, भजी. मग एक मुलाकडे पुण्याला गेला, एकाचे गुडघे गेले, एक स्वतःच गेला. भजी कमी कमी होत गेली. शेवटी माधवराव आणि जनू राहिले. इंजिन सुरू झालं की आग जनूने घालायची, हे ठरलेलं होतं. जनू राहायला नदीकाठच्या वाडीत, लहानपणी बापाबरोबर रानात कोळशाच्या भट्ट्या लावलेला माणूस. त्याला इंजिनाबद्दल काही शंका नव्हती. "सायब करतील," एवढंच तो म्हणायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

माझं खरं भांडण होतं ते जागेवरून. फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत अंगणाचा एक लांबट पट्टा आहे. सगळ्यात चांगली माती तिथली, ऊन तिथलं, पाणीही शेजारीच. तिथे मला कधी काही लावू दिलं नाही. "तिथे नको गं, ती इंजिनाची जागा आहे." अबोली नको, केळ नको, साधा अळू नको. घरात एक माणूस यायचा आहे आणि त्याचा पलंग कोणी हलवायचा नाही, तसा तो पट्टा वर्षानुवर्षं रिकामा. त्यात एकच वस्तू होती. गोणपाटाखाली झाकलेली एक लोखंडी धाव, म्हणजे चाकावर बाहेरून चढवायचं जाड कडं. कुठल्याशा भंगारातून माधवराव आणि जनू ती घेऊन आले होते, आणि त्या दिवशी दोघं मुलगी बघून आल्यासारखे खूश होते.

या दिवाळीत मी एकदाची रडले. भांडून नव्हे, नुसतीच रडले. त्यावर माधवराव म्हणाले, "पहिलं चाक ओतून घेतो. ते धावेला बसलं तर पुढे जाऊ. नाही बसलं तर पुरे. मग जागा तुझी."

त्या दिवसापासून माझं मन ताळ्यावर नव्हतं. देवासमोर उभी राहिले की काय मागावं कळेना. चाक बसू दे म्हणावं तर केळ जाते. बसू देऊ नको म्हणावं तर जीभ रेटत नाही. शेवटी "तुला काय ते कळतं" म्हणून दिवा लावायचे आणि बाजूला व्हायचे.

चाक ओतायचं तर आधी त्याचा हुबेहूब नमुना हवा. तो वाळूत दाबायचा, काढायचा, आणि त्या खळग्यात लोखंड ओतायचं. लाकडात असे नमुने करणारा जुना सुतार आता कोणी सापडेना. तेव्हा माधवरावांना पेण आठवलं. साच्यांचं काम पेणइतकं कुठे चालतं? आम्ही दोघं एसटीने गेलो आणि विचारत विचारत पोपट नावाच्या मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात पोचलो. हंगाम सरलेला होता. उरलेल्या चार मूर्ती प्लास्टिकखाली बसल्या होत्या, त्यांच्यामध्ये पोपट चहा पीत होता.

मी पंगतीतल्या प्रश्नांची वाट बघत होते. पोपटने एकही विचारला नाही.

"म्हंजे साचा जुना, मूर्ती नवी," तो म्हणाला. "आमचं पन तसंच हाय, काका. साचा माज्या आज्याच्या टायमाचा. गणपती दर साली नवा. त्यात काय एवडं?"

माधवराव त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी एका वाक्यात कळलं होतं. त्या आनंदात त्यांनी नकाशा पोपटच्या हातात दिला, वर इंजिनाचा जुना फोटोही दिला आणि म्हणाले, "अस्सं दिसलं पाहिजे बघ. अगदी अस्सं."

येताना एसटीत खिडकीशी बसून ते गुणगुणत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

पोपटने नमुना केला आणि परस्पर फाउंड्रीत पोचवला. फाउंड्रीवाला ओळखीचा होता, म्हणून तयार झाला. पण त्याने बजावलं होतं की एकदाच. वाळूचं काम तो बंद करणार होता. आणि आज ते चाक माझ्या जास्वंदीवर टेकून उभं होतं.

खरंच देखणं होतं. आरे मधोमध जरा भरलेले, कडेकडे निमुळते होत गेलेले. लोखंड म्हणावं तर हात फिरवावासा वाटत होता. निलेशसुद्धा टेम्पो परत न्यायचा सोडून बघत उभा राहिला.

"धाव काढ," माधवराव जनूला म्हणाले.

जनूने गोणपाट ओढलं. धाव जमिनीवर आडवी होती. तिघांनी फळ्या लावल्या, पहारी घेतल्या, चाक त्या पट्ट्यापर्यंत लोटत नेलं आणि हळूहळू धावेवर आडवं केलं. मी पदर तोंडाशी धरून उभी होते.

ठण्ण असा आवाज झाला आणि चाक अलगद धावेत जाऊन बसलं.

"बसला!" जनूने टाळी वाजवली. "सायब, बसला! येकाच दणक्यात!"

निलेशने शिटी घातली. आणि मी, जिची केळ त्याच क्षणी गेली होती, मीसुद्धा टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बसलं गं बाई, बसलं.

माधवराव मात्र पायरीवर जाऊन बसले.

"अहो, बसलं ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "ते बसायला नको होतं."

मला वाटलं, उन्हात डोकं फिरलं. त्या सकाळी अंगणात काय चाललं होतं ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. निलेशची शिटी अर्धवट थांबली. उमगलं ते पहिल्यांदा जनूला. तो चाकाजवळ उकिडवा बसला, चाक आणि धाव यांच्या फटीत त्याने बोट घातलं आणि गोल फिरवलं. बोट कुठेही अडकलं नाही.

"बैलगाडीची धाव कशी चढवत्यात, बाई?" तो मला हळूच म्हणाला. "आदी तापवत्यात. तापली की फुगती, मंग चाकावं घालायची न् वरनं पानी. आवळून बसती. थंड धावंत चाक जायालाच नाय पायजे. ही तर खुळखुळती."

"मग पाचरी मारा की," निलेश म्हणाला.

"बैलगाडीला मारतात," माधवराव म्हणाले. "इंजिनाखाली नाही."

ते उठले आणि घरात गेले. चाक तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोपट आला. माधवराव फोनवर त्याला एक शब्द वाकडा बोलले नव्हते, तरी तो पेणहून मोटरसायकल मारत आला. आधी माझ्या पाया पडला, मग चाकाकडे गेला. फट बघून त्याचं तोंड उतरलं.

"काका, चूक माजी हाय," तो म्हणाला. "तुमच्या नकाशात कड जाड होती. फोटोत बगा, किती नाजूक हाय. मी दोन्ही समोर ठेवून बगितलं. डोल्याला खुपत व्हतं. म्हनलं नकाशा काडनाऱ्याचा हात चुकला आसंल. म्हनून घासून घासून फोटोसारखी केली. आमी मूर्तीचं तसंच करतो. हात जाड वाटला, घास. पोट सुटलं, घास. डोल्याला बरं दिसंपर्यंत."

"लोखंड थंड होताना आकसतं रे," माधवराव म्हणाले. "वर लेथवर कातून मापात आणायलाही जास्तीचं अंग ठेवावं लागतं. म्हणून जाड काढलं होतं."

"मंग तसं बोलायचं ना, काका."

"बोलायला हवं होतं," माधवराव म्हणाले. "मी तुला म्हटलं, फोटोसारखं दिसलं पाहिजे. तू तसं केलंस. दिसतंय अगदी फोटोसारखं."

पोपट रडवेला झाला. मी त्याला पोहे दिले. त्याने खाल्ले नाहीत, नुसते चिवडले. जाताना त्याने खिशातलं फडकं काढून चाकावरची धूळ पुसली, अगदी आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. मग गाडीला किक मारून गेला.

माधवरावांनी नकाशे गुंडाळले, दोरा बांधला आणि माळ्यावर ठेवले. स्टूल मीच धरलं होतं. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "जागा तुझी. लाव काय लावायचं ते."

एवढं साधं बोलले. चिडले असते, पोपटला शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. कित्येक वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मला कळत नव्हतं की मी जिंकले की माझंच काही गेलं. त्यांच्याशी भांडायला आता घरात काय उरलं होतं?

तरी मी ठरवलं, लावायचंच. वालाचे दिवस होते. आमच्या रोह्याकडे थंडीत अंगणाच्या कोपऱ्यातसुद्धा वाल लावतात. घरी कडवे वाल होते, वर बाजारातून लिंबाचं एक रोप आणि केळीचे दोन कंद आणले. सकाळी जनूला कुदळ घेऊन बोलावलं.

तो आला. चाक तसंच धावेत पडलेलं होतं, दोन्हीवर दव होतं. जनूने पट्ट्याच्या तोंडाशी उभं राहून कुदळ टेकवली.

"कुठनं धरू, बाई?"

मी बघत राहिले. इतकी वर्षं मी ती जागा रिकामी म्हणत आले होते. पण त्या दिवशी मला ती रिकामी दिसेना. इथे धुराडं यायचं, इथे बॉयलर, इथे जनू फावडं घेऊन उभा राहायचा. माझ्यासमोर हजार वेळा हात पसरून दाखवलं होतं त्यांनी. मी नाही नाही म्हणत सगळं पाठ केलं होतं.

"कडेने धर," मी म्हणाले. "दोन्ही अंगांनी. मधे नको."

जनूने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि कुंपणाच्या बाजूने खणायला लागला. लिंबू मी मोरीच्या मागे नेलं, केळी त्याच्या पलीकडे. वाल दोन लांब ओळींत, आणि मधला पट्टा तसाच.

माधवराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. पायरीवर थांबले. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"मधली जागा सोडलीस?"

"वाल पसरतो," मी म्हणाले. "त्याला जागा लागते."

वाल किती पसरतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. ते कप घेऊन ओळीच्या कडेकडेने चालत गेले, चाकापाशी थोडे थांबले आणि तसेच परत आले. मग वाकून दोरीकडे बघितलं.

"इथे हातभर अजून सोड," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या चढायच्या पायऱ्या बाहेर येतात."

मी जनूकडे बघून मान हलवली. त्याने खुंटी उपटली आणि दोरी हातभर मागे घेतली.