उंबराचा पहारा

आता आंबेखांडच्या सप्ताहाला मोठा मांडव पडतो. पंखे असतात, कर्ण्यांच्या जोड्या असतात, कीर्तनकार मोटारीतून येतात. काल्याच्या दिवशी पंगती उठता उठता दिवस कलतो. बारकूला हे सगळं आवडतं. कीर्तन कुणाचंही असो, तो टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा. पण पहाऱ्याची पाळी येऊन वीणा गळ्यात आली, की त्याची नजर आपसूक नदीकडे वळते आणि तोंडाने नाम चालू असताना डोळे भलतीकडे हरवतात. त्याची बायको काशी शेजारणीला कोपर मारते आणि म्हणते, "गेलं बघ आमचं मानूस. त्या वर्षात गेलं."

ते वर्ष म्हणजे बंदीचं वर्ष.

नदीच्या अलीकडे आंबेखांड, तालुका शहापूर. पलीकडे खैरवळी, तालुका मुरबाड. कचेऱ्या दोन, बाजार दोन, पण सप्ताह एक. तो कुणी सुरू केला ते आता कुणालाच धड सांगता येत नाही. रामनवमीला अलीकडच्या राममंदिरात वीणा उभी राहते. मधल्या एका सकाळी ती वाजतगाजत नदी ओलांडते आणि हनुमान जयंतीला पलीकडे मारुतीच्या देवळात काला होतो. तोवर वीणा जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, आणि ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने उभं राहून नाम घ्यायचं. वीणा खाली टेकली की सप्ताह मोडला. नदीपर्यंत ती न्यायचा मान बारकूच्या घराकडे, उतरून घ्यायचा मान खैरवळीच्या कमळाकरबुवांच्या घराकडे. नदीच्या मधोमध दोघं एकमेकांच्या पाया पडायचे, उराउरी भेटायचे आणि त्या भेटीतच वीणा इकडची तिकडे व्हायची. बघणाऱ्याला कळायचंही नाही, कधी गेली ते.

त्या वर्षी रामनवमीच्या आधीच सगळं बंद झालं. आटगावला गाड्या थांबल्या, धसईचा बाजार मिटला, कमळाकरबुवांची तोडलेली भेंडी गुरांपुढे गेली. गावागावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. आंबेखांडचा पोलीस पाटील काळूराम दवंडी दिल्यासारखा सांगून गेला, की देवळात एका वेळी एकच माणूस, आणि मांडव, पंगत, कीर्तन काही नाही.

एक माणूस तर एक माणूस, असं बारकू म्हणाला. वीणा उभी राहिली. येणारा साबणाने हात धुऊन यायचा, आपापलं उपरणं आणायचा, वीणेला तेच बांधून गळ्यात घालायचा. पाया पडायचं ते लांबूनच. देवळासमोर कुणी नसायचं, पण कर्णा चालू होता, आणि ज्याचं त्याचं घर ओट्यावर बसून नाम घेत होतं. पोळी भाजणाऱ्या बाया तव्यापाशी, गुरं सोडणारे गोठ्यात. बारकू अजून सांगतो, की तसा गाव एका सुरात त्याने आधी कधी ऐकला नव्हता.

पण तेवढ्यात साईनाथ आला. बारकूचा हा थोरला भिवंडीकडे एका गोदामात कामाला होता. काम बंद झालं, खोलीवर खायला काही राहिलं नाही, तसा तो रुळाच्या कडेकडेने चालत आटगावपर्यंत आणि तिथून आडवाटेने घरी आला. काळूरामने त्याला शाळेच्या खोलीत ठेवला. काशी खिडकीवर भाकरी ठेवून मागे सरायची आणि अंगणातून त्याच्याशी बोलायची. पोरगा धडधाकट होता, बारकूने त्याला हातही लावला नव्हता. तरी नदीपलीकडे बातमी पोचली ती अशी, की बारकूच्या घरात तो आजार आलाय.

नदी ओलांडायच्या आदल्या दिवशी कमळाकरबुवांचा फोन आला. एरवी हा माणूस फोनवरही आधी रामकृष्णहरी म्हणून दोन ओळी गुणगुणायचा. त्या दिवशी आवाज खाली होता. खैरवळीत बैठक झाली होती, अंतर ठेवून, पिंपळाखाली. बारकूच्या हातून हातात वीणा घ्यायला लोक राजी नव्हते. बुवांची बायको वत्सलाच सगळ्यांत आधी उभी राहिली होती, घरात दोन लहान नातवंडं आहेत म्हणून. गावाचं म्हणणं एवढंच, की बारकूने वीणा मधल्या कातळावर ठेवावी, तिला दिवसभर ऊन खाऊ द्यावं आणि दिवस कलल्यावर बुवांनी उचलावी.

बारकूने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कातळ म्हंजे जमीनच की, बुवा?"

"जमीनच," बुवा म्हणाले.

दोघांनाही कळत होतं, की वीणा नेली नाही तर खैरवळीचा काला राहतो आणि ठेवली तर सप्ताहच मोडतो. आणि मोडला तर तो या दोघांच्या हातून.

बारकू जेवला नाही. काशीने विचारलं, तर उगाच तिच्यावर खेकसला, की वीणा ठेवायला वाऱ्यावर खुंटी ठोकून देतेस का. काशीने भांडी आवरली आणि शांतपणे म्हणाली, "लावणीच्या टायमाला साईनाथला मी कुठं ठेवत व्हते?"

"झाडाला झोळी बांधून."

"मंग? त्याला काय जमिनीवर टाकला असं व्हतं?"

नदीच्या मधोमध कातळाला लागून एक उंबर आहे. बारकूने तिथल्या तिथे फोन लावला. उंबर हा गळा धरायचा का, यावर दोन्ही गावांतल्या जाणत्यांचा बराच वेळ खल झाला. शेवटी बुवांनी निवाडा दिला. वीणेकऱ्याने उभं राहावं हा नियम, आणि उंबर कधी बसलेला कुणी पाहिला नाही. राहिलं नाम. झाडाला तोंड नाही, तर ते आपण द्यायचं. बुवा वीणा उतरून घेईपर्यंत दोन्ही काठांवर नाम थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकू एकटा नदीत उतरला. पाणी घोट्याला लागेल न लागेल एवढंच. त्याने उंबराच्या पाया पडल्यासारखं बुंध्याला डोकं टेकलं, उपरणं फांदीला दोन गाठी मारून बांधलं आणि त्यातून आपला गळा सोडवून घेतला. मागे फिरताना त्याला मान हलकी नाही, उघडी वाटली.

दोन्ही काठांना लोक सावली धरून बसले होते. काळूराम काठी घेऊन आला तो सगळ्यांना हुसकायलाच. पण समोर वीणा आणि चहूकडे नाम, मग तो माणसांमध्ये अंतर पाडत फिरला आणि शेवटी स्वतःच एका दगडावर बसून टाळ्या वाजवू लागला. या काठाने म्हणायचं, त्या काठाने झेलायचं. मधे एवढी नदी, त्यामुळे पलीकडचा टाळ जरा मागून यायचा. आधी ताल फसला, मग पलीकडून बुवांनी चाल मोडून सावकाश केली. पुढे इतकी सावकाश झाली, की एकेक नाम पूर्ण ऐकू येऊन, विरून, मगच दुसरं निघायचं. बारकूच्या आयुष्यात कीर्तनं झाली ती कमी नाहीत, पण त्या दुपारच्या नामाची गोडी त्याला पुन्हा कुठल्या मांडवात सापडली नाही.

एक गोष्ट मात्र एवढ्या शहाण्या माणसांत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. चैत्रात उंबर पिकतो.

दिवस कलायच्या आधी माकडांची टोळी आली. आधी एक मोठा हुप्प्या, मग पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या. ती शेंड्याला खात होती तोवर दोन्ही काठांनी नाम जोरात धरलं, जणू आवाजाने ती पळतील. मग एक पोरसवदा माकड खाली सरकलं, वीणेशेजारी बसलं आणि त्याने तारेला बोट लावलं. तार वाजली. माकड दचकलं, पण पळालं नाही. त्याने पुन्हा वाजवली.

पलीकडून वत्सला म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आपण भांडत बसलो, न्यायला बघा कोन आलंय."

लोक हसले. पण माकडाने उपरणं ओढायला सुरुवात केली तेव्हा हसू गेलं. पहिली गाठ सुटली. वीणा एका अंगाला कलंडली.

बारकू कधी उठला ते त्याला आठवत नाही. काशीने हाक मारली म्हणतात, काळूरामने काठी आडवी केली म्हणतात. तो नदीत धावत होता आणि समोरून धोतर वर धरून कमळाकरबुवा धावत होते, त्या वयात, त्या कातळांवरून. माकडं उधळली, फांदी हलली, दुसरी गाठ सुटली. वीणेचा भोपळा बारकूच्या छातीवर आला आणि दांडी बुवांच्या खांद्यावर. दोघांचे हात एकमेकांच्या हातांवर, कपाळाला कपाळ लागलेलं, श्वास तोंडावर.

काठांवर नाम थांबलं होतं. बारकूच्या ते लक्षात आलं आणि त्याने धापा टाकत एकट्याने धरलं. बुवांनी झेललं. तसा एकेक करत काठही पुन्हा बोलू लागला.

"सोडू नको," बुवा म्हणाले आणि त्यांनी मान वीणेखाली घातली.

बारकूने हात काढले. मागे व्हायला हवं होतं, पण झाला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने तो बुवांच्या पायांवर वाकला आणि बुवांनी त्याला उठवून उराशी धरला. दोन्ही गावांच्या देखत, सगळे कायदे मोडून.

काळूराम काठावरून ओरडला, "चिकटलात ना आता? मंग चिकटूनच राव्हा. दोघांपैकी एकानं घर गाठलं तर मला सांगा."

खैरवळीचं मारुतीचं देऊळ गावाबाहेर, नदीला लागूनच आहे. तिथे दोघांची रवानगी झाली, चौदा दिवसांची. बाकी कुणी आत यायचं नाही. म्हणजे उरलेल्या सप्ताहाला गळे दोनच. एक उभा तेव्हा दुसरा निजे, एक जेवे तेव्हा दुसरा नाम घेई. वत्सला पायरीवर ताट ठेवायची आणि लांबून विचारायची, "भाकरी दोन्हीकडं सारकी जातीया ना? आमचे बुवा गोड बोलून लोकांची खातात." काशी आंबेखांडहून अंबाडीची भाजी धाडायची, ती काळूरामच्या काठीला लटकून यायची. साईनाथ ठणठणीत असल्याचंही असंच काठावरून कळलं.

हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन झालं. समोर श्रोता नाही. बुवा मारुतीसमोर उभे, मागे वीणा घेऊन बारकू, आणि कर्णा नदीकडे वळवलेला. बुवा चरण म्हणायचे आणि थांबायचे. मग खैरवळीच्या घरांतून साथ यायची, मग त्याहून उशिरा, बारीक, आंबेखांडहून. ती येऊन पोचल्याशिवाय बुवा पुढचा चरण घेत नसत.

कीर्तन संपलं. रीत अशी, की आता वीणा खुंटीला लावायची आणि माणसांनी आपापल्या घरी जायचं. बारकू खुंटीपाशी गेला. उपरण्याला हात घातला. पण गाठ सोडवेना. मनच होत नव्हतं.

बुवा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी ते पाहिलं.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आपल्याला तरी कुठं घरी जायचंय?"

बारकूने हात काढला आणि मारुतीसमोर येऊन पुन्हा नाम धरलं.