भरती चढताना

स्नेहलला स्ट्रेचरला बांधलं होतं, तेही तिच्याच मर्जीने. ती राहायची खारी गावात आणि केबिन रोडवरच्या एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली काम करायची. १९९२ सालच्या त्या रविवारी उत्तनच्या समुद्रकाठच्या खडकांवर प्रथमोपचाराच्या वर्गाचा सराव होता. जिथे रस्ता नाही, डॉक्टर नाही, तिथून जखमी माणूस कसा आणायचा, हे सैन्यातून निवृत्त झालेले पंढरीनाथ सर शिकवत. आज जखमी व्हायची पाळी स्नेहलची. उचलायला उत्तनची जुडिथ, तिचा भाऊ ॲलन आणि मीरा रोडचा उदय.

"सावकाश. भरती चढायला तासभर आहे," सर म्हणाले आणि वाट दाखवायला पुढे झाले.

स्नेहलला नुसतं आभाळ दिसत होतं. अचानक काहीतरी धप्पकन आपटलं, पाठोपाठ सरांची किंकाळी. तिघांनी स्ट्रेचर पाण्याच्या कडेलाच खाली टेकवलं आणि तिकडे धावले.

"काय झालं? अरे, सांगा ना कोणीतरी!"

पाठीला गार लागलं. पाणी! तिने हात ओढून पाहिले, पण ओल्या दोऱ्या आणखीच आवळल्या. दुसरी लाट कानापर्यंत आली. हे लोक मला विसरले, असं तिला वाटलं. तिने मान जमेल तेवढी वर उचलली.

जुडिथ मासळीची सुरी घेऊन आली आणि भराभर दोऱ्या कापू लागली. "सर शेवाळावरून घसरले. पायाचं हाड भायेर आलंय. रगत थांबत न्हाय."

सर दोन दगडांच्या मध्ये पडले होते, ओठ पांढरेफटक. उदय बाजूला बसून ओकत होता. सगळे स्नेहलकडे बघू लागले, ती दवाखान्यातली म्हणून. तिने तिथे फक्त पट्ट्या कापून दिल्या होत्या.

तिने ओढणीची घडी केली. ती दोनदा सुटली. हाडाला धक्का न लावता तिने कडेकडेने दाब दिला. सर असे ओरडले की ती हात काढणारच होती.

"दाबून धर गो!" जुडिथ म्हणाली.

ती रडत रडत दाबत राहिली. रक्त कमी झालं तसा ॲलनने तुटका पाय कापलेल्या दोऱ्यांनी धडक्या पायाला बांधला. तोवर किनाऱ्याच्या वाटेवर कमरेएवढं पाणी आलं होतं, आणि स्नेहलला पोहता येत नव्हतं.

"माज्या मागं या. पाय उचलू नका, घासत चला," ॲलन म्हणाला.

ओढणी जखमेवर बांधून, सरांना स्ट्रेचरवर ठेवून चौघांनी ते खांद्यावर घेतलं. मध्यावर लाटेने स्नेहलचे पाय सुटले. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती स्ट्रेचर उचलत नव्हती, त्याच्या बांबूला लटकली होती. ॲलनने तिला दंडाला धरून उभं केलं.

मासळीच्या टेम्पोतून सरांना इस्पितळात नेलं. वाटभर स्नेहलने जखमेवरचा हात काढला नाही. डॉक्टरांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पाय वाचला, पण लंगडा झाला. तीन महिन्यांनी सर काठी टेकत वर्गात आले.

"त्या दिवशी कोण कोण घाबरलं?"

स्नेहल म्हणाली, "मी. सर, मला अजून झोप लागत नाही."

सर तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

"मलाही नाही लागत," ते म्हणाले.