वाजणारे पाय

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या सरकारी वसाहतीच्या सभागृहात साठ-सत्तर मराठी माणसं मांडी घालून, श्वास रोखून, एका बाईच्या पायांचा आवाज ऐकत बसली होती. दाराबाहेर बुटांच्या शिस्तशीर रांगा लागल्या होत्या आणि बुटांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवलेली होती. यांतले निम्मे बँकांच्या संगणकप्रणाली सांभाळणारे इंजिनिअर. सर्व्हर बंद पडला तर ‘रूट कॉज’ सापडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. इथे मात्र पाय वाजला की हात जोडायचे.

समोर नंदकिशोर महाराज होते. पर्यटक व्हिसावर तीन आठवड्यांसाठी आलेले, पांढऱ्या झब्ब्यावर भगवं लोकरी जाकीट. सभागृहाच्या जपानी व्यवस्थापकाने धूप लावायला मनाई केली, तेव्हा महाराजांनी ‘ही अग्निहीन साधना आहे’ असं जाहीर केलं. त्याआधी दहा मिनिटं ते काडेपेटी शोधत होते.

त्यांच्या हातात ‘भूदोषदर्शक यंत्र’ होतं. वरपासून खालपर्यंत भगव्या कापडात गुंडाळलेली काठी आणि टोकाला ताटाएवढी चकती. महाराजांच्या म्हणण्याप्रमाणे जपान ही भूकंपाची भूमी, पाताळ हललं की दोष वर येतो आणि तो सुवासिनींच्या तळपायांतून घरात शिरतो. पुरुषांच्या का नाही, हे कोणी विचारलं नाही. बाईने घड्याळ, बांगड्या, अंगठ्या, मोबाईल सगळं बाजूला काढून ठेवायचं, उशांच्या एका चळतीवर बसायचं आणि दुसऱ्या चळतीवर पाय ठेवायचे. मंगळसूत्र राहिलं तरी चालेल, कारण दोष पायांत असतो. पायमोजे काढायचे नाहीत, कारण परस्त्रीचे उघडे पाय बघणं महाराजांना वर्ज्य होतं. मग ते चकती पायांवरून डावी-उजवी फिरवत आणि यंत्र ‘टीं’ करून वाजे.

आठ बायकांपैकी पाच वाजल्या. माझे पाय गप्प राहिले. “तुम्ही शुद्ध आहात, ताई,” महाराज म्हणाले. मी वर्षातून एकदा गणपतीच्या आरतीला जाते, तेही मोदकांसाठी. मी शुद्ध आणि चतुर्थीचा उपास न चुकवणारी माझी शेजारीण अनघा अशुद्ध, तिथेच मला पहिला संशय आला.

अनघाचे पाय सगळ्यांत मोठ्याने वाजले होते. महाराजांनी डोळे मिटले.

“हे पाय उंबरठा ओलांडणार आहेत. आणि भोवळ धन्याच्या डोक्यात चढते आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. अनघाचा नवरा अनुराग महिनाभर चक्कर येऊन धडपडत होता, हे महाराजांना कसं कळलं? दिव्यदृष्टी वगैरे काही नव्हती. अनघाच्या नाशिकहून मुलाकडे आलेल्या सासूबाईंनी, प्रभावतीकाकूंनी, नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘अडचण’ या रकान्यात ते स्वतःच लिहिलं होतं, आणि सुनेच्या नोकरीचंही. डॉक्टरांनी कानाच्या आतल्या भागाचा त्रास म्हणून गोळ्या दिल्याचं तेवढं लिहायचं राहिलं होतं.

अनघा पुण्याची सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. नवऱ्यामागून जपानला आली आणि सहा वर्षं कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करत राहिली. येता-जाता ट्रेनमध्ये उभ्याने जपानी शिकली. आता टोकियोबाहेरच्या त्सुकुबातल्या एका प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती. एप्रिलपासून रुजू व्हायचं होतं. होकाराच्या पत्रावर, इथे सहीऐवजी चालतो तो, स्वतःच्या नावाचा शिक्का मारून ते सोमवारी टपालात पडायला हवं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

महाराजांनी उपाय सांगितला. एक वर्ष या पायांनी वॉर्डाबाहेर, म्हणजे शहराच्या आमच्या भागाबाहेर, जायचं नाही, आणि नकार लेखी कळवायचा. मग मोज्यांवर हळदीचं पाणी शिंपडून त्यांनी चकती पुन्हा अगदी सावकाश पायांवर आणली आणि ध्यानस्थ होऊन स्तब्ध धरली. यंत्र गप्प. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोष तात्पुरता गेला आहे, महाराज म्हणाले, पाय घरात राहिले तरच कायमचा जाईल. उरलेल्यांची महाशुद्धी दुसऱ्या दिवशी होणार होती.

घरी येऊन मी हा तमाशा दिगंबरला, माझ्या नवऱ्याला, सांगितला. यंत्राच्या आवाजाची नक्कल केली तेव्हा त्याचे कान टवकारले. त्याने कपाटातून स्वतःचं खेळणं काढलं. दोन वर्षांपूर्वी त्याने नवशिक्यांसाठीचा स्वस्तातला मेटल डिटेक्टर मागवला होता आणि सुट्टीच्या दिवशी तो चिबाच्या समुद्रकिनाऱ्यावर खजिना शोधायला जायचा. डोंगर पोखरून लोकांना निदान उंदीर मिळतो, याने किनारा पोखरून बाटल्यांची झाकणं आणली होती. मी त्याला यथेच्छ हसले होते.

त्याने चमच्यावरून चकती फिरवली. टीं. अगदी तोच आवाज.

मग त्याने मला नवशिक्याचा पहिला धडा दिला. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज खेळते. जवळ धातू आला की त्यातही बारीकशी वीज उठते आणि चकतीला ती कळते. पण हे स्वस्तातलं यंत्र बदल ओळखतं, म्हणून चकती सतत हलती ठेवावी लागते, फार सावकाश नेली तरी त्याला कळत नाही. “थांबलीस की मुकं,” म्हणत त्याने ती चमच्यावर स्थिर धरली. यंत्र गप्प झालं. म्हणजे दोष दाखवायचा तेव्हा फिरवायचं आणि दोष घालवायचा तेव्हा ध्यान लावायचं. पाय उशांवर का, तेही कळलं. सभागृहाच्या जमिनीतल्या लोखंडी सळया वाजल्या असत्या.

पण अनघाच्या पायांत धातू कुठून आला? मी तिला आमच्या घरी बोलावलं. ती आली तेव्हा नकाराचं पत्र लिहून झालेलं होतं. दिगंबरने चकती फिरवली, तिचे पाय वाजले. मी म्हटलं, मोजे काढ. काढले, आणि मी कपाळावर हात मारला.

“अगं, सगळे दागिने काढून ठेवले होतेस ना?”

“ठेवले होते.”

“मग ही जोडवी?”

अनघा माझ्याकडे बघतच राहिली. “जोडवी म्हणजे काय दागिना आहे का, जयमालाताई? ती काढायची नसतात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लग्नात बोटांत चढलेली चांदी, थंडीत दिवसभर मोज्यात झाकलेली, अंगाचाच भाग झालेली. महाराजांना मात्र ती बरोबर आठवत होती. ज्या पाच बायका वाजल्या त्या पाचही जणी जोडवी घालत होत्या. आम्ही तिघी घालत नव्हतो, म्हणून शुद्ध. परंपरा पाळणाऱ्या बायकांनाच परंपरेच्या नावाने दोषी ठरवणारा हा धर्मरक्षक.

अनघाला सगळं पटलं, तरी ती पत्र फाडेना. “मला कळलं, पण आईंना पटल्याशिवाय मी गेले आणि उद्या अनुराग जिन्यात पडला, तर ते जन्मभर माझ्या नावावर लागेल.” तोवर मला महाराजांचा नुसता राग येत होता, आता चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह कालच्याहून जास्त भरलेलं होतं. मी उभी राहून एकच मागणी केली, आज प्रभावतीकाकूंचे पाय तपासा. महाराज म्हणाले, ज्येष्ठांना दोष लागत नाही. काकू मात्र स्वतःच पुढे आल्या. त्यांना आपल्या पायांची खात्री होती. महाराजांनी चकती सावकाश त्यांच्या पायांवर आणली, डोळे मिटले आणि स्तब्ध धरली. यंत्र गप्प.

“जरा हलवा की, महाराज. काल हलवत होता तसं,” दिगंबर म्हणाला.

महाराज हलवेनात. दिगंबरने आपलं यंत्र पिशवीतून काढलं आणि काकूंच्या पायांवरून एकदाच फिरवलं. टीं.

काकूंचा चेहरा उतरला. “माझ्या पायांत दोष?” त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि चकती, वीज, चांदी सगळं सांगितलं. त्यांनी मोजे उतरवले आणि डाव्या पायाचं जोडवं फिरवायला लागल्या. एकेचाळीस वर्षांत ते निघालं नव्हतं.

अनघा धावली. “आई, तुम्ही काढू नका. मी माझी काढते.”

“थांब. तुझं सगळं काढून घ्यायला निघाले होते मी.”

कोणीतरी हाताला लावायचं क्रीम दिलं. जोडवं निघालं. बोटावर पांढरा वळ होता. दिगंबरने चकती डाव्या पायावरून फिरवली, गप्प. उजव्यावरून फिरवली, वाजली. उजव्यावर स्थिर धरली, गप्प. तीनदा केलं, तीनदा तेच झालं.

मग काकूंनी सगळ्यांदेखत नाशिकला फोन लावला आणि काकांना विचारलं, बरे आहात ना? चहात साखर कमी आहे, बाकी बरा आहे, असं उत्तर आलं. जोडवं काढल्याने नवऱ्याचं काय होतं, याचाही निकाल तिथेच लागला.

महाराज आवराआवर करायला लागले. घाईत कापड सुटलं आणि काठीवरचं जपानी लेबल उघडं पडलं. अनघाची आठ वर्षांची ओवी पुढेच बसली होती. तिने ते आधी जपानीत वाचलं, मग आमच्यासाठी मराठीत सांगितलं, “नवशिक्यांसाठी. वय आठ वर्षांपासून पुढे.”

आम्हाला हसू आलं, पण स्वतःचंच. महाराज बूट अर्धवट घालून गेले. काकूंनी अनघाकडून नकाराचं पत्र मागून घेतलं आणि चार तुकडे केले. “शिक्का घरात आहे ना? चल, आत्ताच मारू. आणि अनुरागला म्हणावं गोळ्या वेळेवर घे.” मोजे चढवून त्या सुनेच्या आधी बाहेर पडल्या.

मला महाराजांचं नवल वाटत नाही, फसवणं हा त्यांचा धंदा आहे. मला आमचं वाटतं. आम्ही शिकलेले, तरी एकानेही ‘पुन्हा फिरवून दाखवा’ एवढं म्हटलं नाही, आणि त्यापायी एका बाईची सहा वर्षांची मेहनत दोन दिवसांत बुडणार होती. चमत्कार दाखवणाऱ्याच्या पाया पडायच्या आधी त्याला तो दुसऱ्यांदा, दुसऱ्याच्या हातून, डोळे उघडे ठेवून करायला सांगा. खरं असेल तर ते तेव्हाही तसंच दिसेल.