बोक्याची उशिराची उडी

ठकीने मामाच्या गेममधली चूक दुरुस्त केली आणि वर सगळ्या ऑफिसला सांगत सुटली. बिघडलं ते इथेच, पण तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं.

ठकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. मामाने ठेवलेलं, आणि चांगली तिशी उलटली तरी अंगाला चिकटून राहिलेलं. ती प्रोग्रॅमर होती. तिची कंपनी जुने व्हिडिओ गेम विकत घेऊन नव्या मशीनवर आणि फोनवर चालतील असे करून विके. लहानपण परत मिळतंय म्हटलं की माणसं खुशाल खिशात हात घालतात, त्यामुळे धंदा बरा होता. गंमत अशी, की त्यातले निम्मे गेम लोक पाच मिनिटं खेळत आणि जांभया देत. ज्याच्यापायी जेवणखाण सोडलं होतं, तो हाच का, असं एकमेकांना विचारत. आणि मधूनच एखादा असा निघे, की चाचणी करणारा सहकारी, ज्याला सगळे तोंडावरच खडूस म्हणत, तोही समोरचा चहा गार होऊ देई.

असं का होतं, याचं उत्तर मामाकडे होतं. मामाने ऐन विशीत, भाड्याच्या खोलीत बसून, आयुष्यात एकच गेम लिहिला होता. ‘छपरावरचा बोका’. चौकोनी कानांचा एक बोका या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जातो, उडी चुकली की खाली. बस, एवढंच.

"गेम म्हातारा कधी होतो, सांगू?" मामा म्हणे. "हरल्यावर माणूस मशीनला शिव्या घालतो तेव्हा. चित्रं कितीही झकपक असू देत, नवलाई ओसरली की शिव्याच उरतात. आणि ज्यात हरल्यावर माणूस ‘चूक माझीच’ म्हणतो आणि पुन्हा खेळायला बसतो ना, तो गेम टिकतो."

लहानपणी ठकी त्याच्या शेजारी बसून खेळायची. बोका पडला की दोघं एका सुरात म्हणायची, "चूक माझीच." मामी आतून ऐकवायची, "घरातली एक चूक कधी कबूल केली नाही या माणसाने, आणि तिथे बघा कसे."

तर हाच बोका फिरून फिरून ठकीच्या टेबलावर आला. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि काम हौसेने तिने मागून घेतलं. मामाचा जुना कोड वाचताना तिला एक भानगड दिसली. बोक्याचे पाय छपराची कड सोडून गेले, तरी पापणी लवेपर्यंत उडीचं बटण चालत होतं. पाय हवेत, आणि उडी? ‘पाय छपरावर आहेत का’ आणि ‘बटण दाबलं का’ या दोन तपासण्या मामाने उलट्या क्रमाने लिहिल्या होत्या, त्याचा हा परिणाम. ठकीने क्रम सुलट केला, आणि चहाच्या वेळी सांगितलं, "मामाची चूक भाचीने पकडली. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आली." साहेबांनी पाठ थोपटली. मामावर कुरघोडी केल्याचा तिला कोण आनंद झाला होता.

खडूसने तेवढं नाक मुरडलं. "दिसायला फक्कड आहे," तो म्हणाला, "पण खेळवत नाही. शिळा वाटतो."

"होतात काही शिळे," साहेब म्हणाले, आणि विषय मिटला.

मग एक दिवस मामाला ऑफिसात बोलावलं. मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. मोठ्या पडद्यासमोर त्याला खुर्ची दिली, भोवती सगळे जमले. पहिलं छप्पर गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला बोका धप्पकन खाली. मामा हसला. "चूक माझीच." पुन्हा खेळला, पुन्हा तिसऱ्यालाच पडला. मग दुसऱ्याला. जो गेम त्याला झोपेतही खेळता आला असता, त्यात तो लहान मुलासारखा पडत राहिला. भोवतालची माणसं हळूहळू इकडेतिकडे बघू लागली. मामाने रिमोट खाली ठेवला आणि स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

मामाचा अंगठा जिथे नेहमी दाबायचा तिथेच दाबत होता, हे ठकीला स्वच्छ दिसलं होतं. बोकाच आता उडत नव्हता. तिने ज्याला चूक म्हणून काढून टाकलं, त्याच्यावर तर सगळा गेम उभा होता.

तिथल्या तिथे तोंड उघडायचं, की झालं असतं. पण शेजारी साहेब उभे होते, आठवड्यावर गेम बाजारात जायचा होता, आणि गावभर टिमकी वाजवली होती ती हिनेच. नंतर निवांत सांगू, असं म्हणून ती मूग गिळून बसली.

"हातच गेले ग ठकी," जिना उतरताना मामा म्हणाला. "गेमला कशाला नावं ठेवू."

दुसऱ्या दिवशी तिने तपासण्यांचा क्रम पुन्हा उलटा केला. खडूस खेळायला बसला तो उठेचना. "काय केलंस?" त्याने विचारलं. "थोडं इकडचं तिकडं," ती म्हणाली. मामाला फोन करायचा म्हणून तिने दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. उलट मामीचाच आला. "तिथे काही झालं का ग? हे आल्यापासून गप्प आहेत."

"काही नाही मामी. थकला असेल," ठकी म्हणाली. हे बोलून झाल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. पण तेवढ्यावर तिने फोन ठेवला, हेही खरं.

रविवारी सुधारलेला गेम पिशवीत घालून ती मामाकडे गेली. समोर बसून सगळं दाखवू, मग सांगणं सोपं जाईल, असा बेत होता. दार उघडताच तिला खिडकीखालचं टेबल दिसलं. निवृत्त झाल्यापासून मामा तिथे बसून शेजारपाजारचे रेडिओ, घड्याळं, कानाची यंत्रं दुरुस्त करी. एरवी कप ठेवायलाही जागा नसे. आज टेबल पुसून लख्ख, मोकळं होतं.

"ज्याचं त्याला परत केलं," मामी हळूच म्हणाली. "हत्यारंही देऊन टाकली. डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, हात किंचित थरथरतात खरे, पण या वयात तेवढं सगळ्यांचंच असतं. हेच ऐकेनात. बोटं उशिरा चालतात म्हणून हटून बसले. मग एक गोळी लिहून दिली. म्हणाले, घेऊन बघा. फरक पडला तर तो आजार आहे असं धरू आणि गोळी वाढवू."

मामा आतून भिंत धरत आला. डोळ्यांवर झापड होती. ती गोळीची, मामी म्हणाली.

ठकीने मुकाट्याने गेम लावला. मामा नको नको म्हणत होता, तिने रिमोट हातात कोंबला. पहिलं छप्पर, दुसरं, तिसरं. बोका सुटला तो थेट आठव्या छपरावर जाऊन थांबला. मामाचा चेहरा असा उजळला, की मामी पदर डोळ्यांना लावून बसली.

"लागू पडली ग गोळी," मामा म्हणाला. "म्हणजे आजार आहे. असू दे. त्यावर इलाज आहे ना, मग झालं."

"उद्याच डॉक्टरांना कळवते," मामी म्हणाली.

दोघंही खूश होती. ठकीने नुसतं हसून चहा प्यायला असता, तर कुणाला कधी पत्ता लागला नसता.

"गोळीने नाही, मामा," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं. उलट्या तपासण्या, सुलट केलेल्या तपासण्या, ऑफिसातली फुशारकी, मामीला फोनवर मारलेली थाप, काही म्हणून राखून ठेवलं नाही.

मामाने रिमोट खाली ठेवला. "म्हणजे मी वेळेवर दाबत होतो?"

"नाही. थोडा उशिराच दाबत होतास. पहिल्यापासून. मीही, सगळेच. तुझा गेम तेवढं सांभाळून घ्यायचा आणि कळू द्यायचा नाही. म्हणून तो टिकला."

"आणि मी समजत होतो की माझा गेम काटेकोर आहे," मामा म्हणाला. मग त्याने मान वर केली. "तुला हे त्या दिवशी तिथेच कळलं होतं?"

"हो."

"मी आठ दिवस या बोटांकडे बघत बसलो होतो, ठकी. एक फोन करायचा होतास."

मामीने तिच्यासमोरचा अर्धा चहा उचलून आत नेला. आतून म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे तूही येतेस. त्यांना तूच सांगायचं."

"येते," ठकी म्हणाली.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल, मामाने रिमोट पुन्हा उचलला. बोका सहाव्या छपरावरून निघाला, मामा झापडीतच होता, बटण भलत्याच उशिरा दाबलं गेलं आणि बोका पडला. सवयीने मामाच्या तोंडून "चूक" एवढं बाहेर पडलं. तिथेच तो थांबला. त्याने ठकीकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"तुझी, मामा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. पुढच्या खेपेला बोका चौथ्या छपराला पडला, आणि मामाने परत तेच विचारलं.