चौथं शील

नामदेवची गोष्ट मासिकात छापून आली, आणि गडी आठवडाभर वाशीत असा हिंडला, की जणू खाडीवरचा पूल यानेच बांधला. ऑफिसात कुणी विचारलं, "तुला सुचतं कसं रे?", की हा चष्मा पुसत म्हणे, "आतून येतं." कसलं आतून? आईकडून आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात पुतळाबाई गावाकडे खडी फोडायची आणि कामावर खायला मिळालेली सुकडी आंधळ्या सासूसाठी घरी आणायची. एक दिवस ती तिने भुकेल्या नामदेवला चारली. दुसऱ्या दिवशी म्हातारी उपाशीच गेली. तापात एकदाच पुतळाबाईने हे लेकाला सांगितलं होतं.

लेकाने गोष्टीत बदल केला तो एवढाच, की सुकडी सुनेने स्वतः खाल्ली. शेवट जरा चटका देतो ना! आईला कुठे वाचता येतंय, या भरवशावर बाईचं नावही पुतळाच ठेवलं.

पण वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, हे शहाणा विसरला. रविवारी वाचन लवकर आटोपलं, आणि बालवाडीच्या वैजयंतीबाईंनी कौतुकाने ते मासिक उघडलं. नामदेव आईशेजारीच बसला होता. सुनेने सुकडी खाल्ली, म्हातारी मेली, हे ऐकल्यावर पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका पुतळाबाईकडे बघू लागल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

त्यांतल्या गिरजाबाईने विचारलंच, "नामदेव, हे खरं हाय का?"

'सुकडी मी खाल्ली.' तीन शब्द होते. लेखकाला ते सुचले नाहीत.

पुतळाबाईच बोलली, "कशाचं खरं? त्याच्या मनाचं हाय समदं. आमची सासू पोटभर जेवून गेली. व्हय ना रे?"

"होय," नामदेव म्हणाला.

बायका हसल्या. पोराचं डोकं भारी चालतं, म्हणाल्या. लाजेने त्याची मान वर होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. पहिली तीन शीलं आई नेहमीसारखी खणखणीत म्हणाली. खोटं बोलणार नाही, हे चौथं आलं तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. पाचव्याला ती पुन्हा म्हणू लागली.

नामदेव मात्र सवयीने चौथंही अख्खं म्हणून गेला होता.