राहून गेलेली सहल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे 'बघूशेठ' म्हणत. कुणी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू." रजा घेणार का? बघू. बूट फाटलेत, नवे घ्या की. बघू. बंद पडलेल्या लिफ्टच्या बाबतीत मात्र त्याने हा शब्द कधी काढला नाही. फोन आला की हत्यारांची पेटी उचलून तो निघालाच. आत माणसं अडकलेली असत ना! घरीही कुणी अडकलेलं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

त्याची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, "मूठ आवळा, इकडे नका बघू," म्हणायचं आणि बोलता बोलता सुई टोचून मोकळं व्हायचं. हात इतका हलका की पेशंट म्हणत, आम्हाला त्याच बाई हव्यात. लग्न झालं तेव्हाच तिने नवऱ्याला सांगितलं होतं, मला एकदा ते जुनं शहर बघायचंय. शाळेच्या पुस्तकात त्याच्या तटबंदीचं आणि दरवाजाचं चित्र होतं, ते पाहिल्यापासून तिच्या मनात होतं. तो म्हणाला, "बघू." पुढे ती दर वर्षी विचारायची, मग कधीमधी, मग तिने विचारणंच सोडलं. बघूशेठला वाटलं, हौस फिटली असेल.

एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, "मी परगावच्या शाखेत बदली मागून घेतलीय. तिकडे खोलीही ठरवलीय."

"रविवारी येत जाशील ना?"

"नाही. तुमच्या लक्षात येत नाहीये. मी परत येणार नाहीये."

भांडण नाही, आदळआपट नाही. हातातल्या टॉवेलची घडी तिने नीट पुरी केली. बघूशेठच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने आपल्या ताईला फोन लावला. ताई भावाची बाजू घेईल असं त्याला वाटलं होतं, पण तिने त्याचीच खरडपट्टी काढली. "इतक्या वर्षांत तिला कुठे म्हणून नेलंस का रे, मुखदुर्बळा? आता तरी हातपाय हलव!"

दुसऱ्याच दिवशी त्याने सहलीचं बुकिंग केलं. चार दिवस, ते शहर आणि त्याचा परिसर. बायको म्हणाली, "येईन. पण तिथून मी परस्पर बदलीच्या गावी जाईन. थेट गाडी आहे."

"चालेल," तो म्हणाला. मनात म्हणाला, चार दिवस काय कमी झाले?

सहलीत बरीच मंडळी होती. त्यात एक मावशी होत्या, गुडघ्याला पट्टा, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडाला विश्रांती नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी या दोघांचं नाव 'राघू-मैना' ठेवून दिलं. बसमध्ये चढताना मोजणी झाली की मावशी हटकून ओरडायच्या, "आमचे राघू-मैना आले का?" सगळी बस हसायची. बायकोही हसायची. बघूशेठ कानापर्यंत लाल व्हायचा, आणि त्याला बरंही वाटायचं.

बायको तिथे वेगळीच झाली होती. शहराच्या दरवाजासमोर ती नुसती उभी राहिली, मान वर करून. मग जवळ जाऊन तिने दगडावर तळवा टेकला. "चित्रात केवढासा होता!" म्हणाली. तांबटांच्या गल्लीत भांड्यांवरच्या ठोक्यांनी कान किटले, तरी ती एकेका दुकानाशी थांबली. एका म्हाताऱ्या तांबटाने तिला हातोडी धरू दिली. तिने दोन ठोके मारले आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं, लहान मुलीसारखं. 

राजवाड्यात एका कोपऱ्यात दोराने वर ओढायची जुनी खुर्ची होती. कुण्या थकलेल्या राणीला वरच्या मजल्यावर न्यायला केलेली. "अहो, इकडे या," बायकोने हाक मारली, "तुमच्या खात्यातलं आहे." मग बघूशेठ बोलायला लागला. कप्पी कुठे असेल, पलीकडे वजन कशाला टांगतात, दोर तुटला तर काय. बाकीची मंडळी पुढच्या दालनात गेली तरी तो बोलतच होता आणि ती ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. इतकं ती दोघं कित्येक वर्षांत बोलली नव्हती. 

रात्री हॉटेलच्या खोलीत तिने त्याच्या टाचेला आलेल्या फोडावर कापूस लावून पट्टी बांधली. बघूशेठ आढ्याकडे बघत पडून राहिला. गाडी रुळावर येतेय, असं त्याला वाटलं. त्याने बाथरूममधून ताईला हळूच कळवलंसुद्धा, "बरं चाललंय."

तिसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या टेकडीवरचा पडका किल्ला होता. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. बायकोने त्याचा दंड धरला आणि वरपर्यंत सोडला नाही. वर बुरुजावर वारा होता. खाली सगळं शहर पसरलेलं दिसत होतं, तटबंदी, तळं, राजवाड्याचे घुमट. मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. बघूशेठने धीर केला.

"एक बोलू?"

"बोला की."

"ती खोली सोडून दे. मी बदलेन, खरंच. दर वर्षी कुठे ना कुठे जाऊ. तू म्हणशील तिथे."

ती खालच्या तळ्याकडे बघत होती. "तुम्हाला वाटतंय मी रुसलेय."

"नाहीतर काय?"

"रुसवा असता तर केव्हाच गेला असता. इतकं छान बघायला मिळालं. मी खूश आहे, अगदी मनापासून."

"मग झालं तर! हसतेस, बोलतेस, हात धरून चढलीस—"

"कारण आता तुमच्याकडे मागायचं काही उरलं नाही," ती म्हणाली. "मागायचं होतं तोवर मी किती कडू झाले होते. आठवत नाही का तुम्हाला?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. कडू झालेली बायको त्याला कुठेच सापडेना. ती रोज त्याच्यासमोर वावरत होती, आणि त्याला काही दिसलंच नव्हतं. ते कबूल करायची लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला.

"मग आलीस कशाला? लोकांपुढे माझं हसं करायला?"

"शहर बघायला आले," ती शांतपणे म्हणाली. उतरताना तिने भिंतीचा आधार घेतला. तो दोन पायऱ्या मागे राहिला, हात अर्धवट पुढे धरून.

शेवटच्या रात्री जेवणानंतर सहल कंपनीने छोटा समारंभ ठेवला होता. मावशींच्या आग्रहावरून आदर्श जोडप्याचं बक्षीस या दोघांना जाहीर झालं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "मैनेने दोन शब्द बोलावेत!" 

बायको उभी राहिली. "हे मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत," ती म्हणाली. "हात उचलला नाही. कामात चुकारपणा केला नाही. सज्जन माणूस आहे." आणि खाली बसली. 

लोकांचे डोळे पाणावले. मावशींनी तर पदर लावला डोळ्यांना. बघूशेठला मात्र आपल्या वर्कशॉपमधले निरोपसमारंभ आठवले. निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल असंच बोलत, सगळं खरं, आणि उद्यापासून त्याच्या खुर्चीवर दुसरा. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

सकाळी तिची गाडी आधी होती. तिची बॅग त्याने उचलली, तिने उचलू दिली. डब्यात जागा शोधून दिली, खिडकी अडकली होती ती जोर लावून वर केली. आणखी काही करण्यासारखं आहे का म्हणून तो इकडेतिकडे बघत राहिला.

"उतरा आता, सुटेल," ती म्हणाली. "टाचेची पट्टी उद्या बदला."

गाडी गेली. दुसऱ्या फलाटावर मंडळी वाट बघत होती. "अहो, मैना कुठे?" मावशींनी विचारलं.

"तिची बदली झालीय," तो म्हणाला. "परस्पर गेली."

"हो का! मग तुमचे हाल आता," मावशी म्हणाल्या आणि आपला डबा उघडून त्याच्यासमोर धरला. त्याने एक घास घेतला. परतीच्या सबंध प्रवासात तो खिडकीकडे तोंड करून बसला, आणि बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालाय बिचारा, म्हणून मंडळींनी त्याला कौतुकाने एकटं सोडलं.

घरी पोचल्यावर त्याने दार लावलं, बूट काढले आणि तिला फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले. तुम्ही?"

"आत्ताच."

"बरं."

तिच्या मागे कुणीतरी खोलीत खाट सरकवत होतं.

"ठेवते," ती म्हणाली.

त्यानंतर एकमेकांना फोन करायला दोघांकडेही काही कारण उरलं नाही.